मास्तरांची वेगळी चूल

दवाखान्याच्या संगणक विभागात त्यांना सगळे मास्तर म्हणत. नवा माणूस आला की ते त्याला धरून बसवत आणि धडा देत, "प्रत्येकाने आपली वेगळी चूल मांडायची नाही! रुग्णाची माहिती हवी? सामाईक सेवेला विचारा. एकच प्रोग्राम, तो सगळ्यांना ताजं उत्तर देतो. एकदा लिहिलेलं दहा जणांनी वापरायचं." धडा इतका रंगे, की ऐकणाऱ्याचा चहा गार होई.

ती सेवा लिहिली होती धाकटीने, म्हणजे विभागातल्या सगळ्यात नव्या मुलीने. तपासणीची आठवण पाठवणारा प्रोग्राम मास्तरांचा. सेवा हवी तर धाकटीच्या यादीत नाव नोंदवून परवानगी मागायची. मास्तर आणि परवानगी? तीही कालच्या पोरीकडे? त्यांनी गुपचूप सगळ्या माहितीची नक्कल उतरवून घेतली. "दोन दिवसांपुरती," असं स्वतःला बजावून. त्याला आता आठ महिने झाले होते.

एका सकाळी खिडकीवरची बाई एका आजींना थेट विभागातच घेऊन आली. आजींनी हातातल्या मोबाइलवर आलेला निरोप दाखवला.

"ह्यांना दहा वाजता दात तपासायला बोलावलंय. हे जाऊन तीन महिने झाले. पण न कळवता गैरहजर राहणं ह्यांना कधी आवडलं नाही. म्हटलं, सांगून यावं."

धाकटीचा चेहरा उतरला. "माझ्याच सेवेत काहीतरी चुकलं असणार. माफ करा हं, आजी." तिने आजोबांची नोंद उघडली तर अचूक, मृत्यूच्या तारखेसकट. ती पुन्हा पहिल्यापासून तपासू लागली. मागे विभागाचे साहेब हाताची घडी घालून उभे.

मास्तर संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसून बसले होते. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. गप्प राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. खुद्द मास्तरच सेवेला विचारत नसतील, हे कुणाच्या मनातही आलं नसतं. धाकटी तिसऱ्यांदा "माफ करा" म्हणाली, तेव्हा मात्र ते उठले.

"तिचं काही चुकलेलं नाही. मी तिच्या सेवेला विचारतच नव्हतो. माझी... वेगळी चूल आहे."

कुणीतरी उगाच खोकलं. साहेबांनी फक्त हाताची घडी सोडली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे आता ह्यांना निरोप येणार नाहीत?" आजींनी विचारलं.

"नाही येणार, आजी. चुकलं माझं."

"बरं," आजी म्हणाल्या; पण मोबाइल लगेच पिशवीत टाकवेना त्यांना.

धाकटीने यादीचा अर्ज उघडून दिला. "विचारलं असतंत तर दोन मिनिटांचं काम होतं, मास्तर." आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

अर्जात एक रकाना होता : सेवा कशासाठी हवी? ज्या विषयावर मास्तरांनी उभ्या विभागाचा चहा गार केला होता, त्यावर त्यांना एक ओळ सुचेना.