थडग्यांचे दगड कोरणारे काका

गेल्या रविवारी एकटाच मेलबर्न सिटीतल्या म्युझियममध्ये गेलो होतो. कलेची आवड वगैरे काही नाही... शुक्रवार संध्याकाळपासून सुपरमार्केटमध्ये कुणाला तरी म्हटलेलं 'नो वरीज' सोडलं तर तोंडातून शब्द निघाला नव्हता. मी राहतो त्या ग्लेन वेव्हर्लीहून ट्रेन पकडली, झालं.

तिथे प्राचीन ग्रीक कलेचं प्रदर्शन होतं. गाइड एका थडग्याच्या दगडासमोर उभी होती. दगडावर खुर्चीत बसलेली एक बाई, आणि तिचा हात हातात घेऊन उभा तरुण... निरोप घेत असावेत तसे.

"यात भावना शोधू नका," ती म्हणाली. "हे कारागीर होते. असे दगड बरेचदा तयार असायचे, नाव मागाहून कोरायचे. कला आणि हुन्नर, दोन्हींना त्यांच्याकडे शब्दही एकच." ग्रुप पुढे गेला. माझा पाय निघेना.

समोरच्या बाकावर ऐंशीच्या घरातले एक ग्रीक काका बसले होते. मला थांबलेलं पाहून जरा सरकले. "चाळीस वर्षं इथे मेलबर्नमध्ये थडग्यांचे दगड कोरले मी," ते इंग्रजीत म्हणाले. "ती बरोबर बोलली, मेट. पण अर्धंच."

"म्हणजे भावना असते?" मी बसत विचारलं.

"बायकोचा दगड मीच कोरला. कोरताना रडलो नाही. रडलो असतो तर छिन्नी घसरली असती, तिचं नाव वाकडं आलं असतं." बोटाने हवेत एक रेघ ओढली... "सरळ आलं. तिला द्यायला माझ्याकडे तेवढंच उरलं होतं."

का कोण जाणे, कुणालाच न सांगितलेलं मी त्यांना सांगून टाकलं. आठ महिन्यांपूर्वी पुण्यात आई गेली. मला पोचता आलं नाही. इथूनच फोनवर सगळं केलं... अॅम्ब्युलन्स, गुरुजी, नातेवाईक. आई मराठीची शिक्षिका, म्हणून पेपरातल्या निधनवार्तेचं शुद्धलेखन तीनदा तपासलं. अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहिला, पण डोळ्यांत टिपूस नाही. ताई म्हणाली, "किती प्रॅक्टिकल आहेस रे तू!" तेव्हापासून वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

काकांनी एवढंच विचारलं, "चूक सापडली होती का?"

"एक. छापायच्या आधी बदलून घेतली."

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या हातावर आपला खरखरीत हात ठेवला. आणि मी रडलो... भर म्युझियममध्ये, येणारे-जाणारे बघत असताना, अगदी हुंदके देऊन.

घरी येऊन ताईला फोन लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही कागदपत्रांबद्दल नाही, नुसतं आईबद्दल बोललो. ती रडली, मीही रडलो... मध्येच दोघंही हसलो.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा शांत झालं. एकटेपणा काही एका दिवसात जात नाही... पण त्या दिवशी मी स्वतःला माफ केलं. काका, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मनापासून थँक यू.