गॅस भरला आणि काचा चढवल्या

आधी चहा घ्या, मग सांगतो. आणि हसू आलं तर खुशाल हसा, मला राग येणार नाही. मी केला तसला गाढवपणा आमच्या अख्ख्या नंदाखालमध्ये कुणी केला नसेल, ही माझी गॅरंटी!

मे महिना होता. पप्पांना रोज मुंबईला शेक द्यायला न्यायचं होतं. शेक म्हणजे रेडिएशन हो, घशातल्या गाठीला. गाडी आमची जुनी, एसी कधीचा मेलेला. काचा उघड्या ठेवल्या की हायवेची धूळ आत, आणि पप्पांचा खोकला सुरू. काचा लावल्या की भट्टी! गॅरेजवाला म्हणाला, "गाडी सोडून जा, आठवडाभर लागेल." आता रोजचा शेक, गाडी सोडून जाऊ कसा?

मग माझं डोकं चाललं. तेच तर वाईट झालं!

म्हटलं, आपणच घरी एसीचा गॅस भरू. व्हिडिओ बघितला, ऑनलाइन डबा मागवला. डब्यावर फिरवायची चावी, चावीला नळी, नळी गाडीला. एवढंच! केळीच्या वाडीकडे तोंड करून गाडी लावली आणि बॉनेट उघडलं. पप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसले.

"विन्सी, जमेल काय रे तुला?"

"पप्पा, तुम्ही फक्त बघा!"

तळपत्या उन्हात अर्धी दुपार गेली. तोंड काळं, हात काळे. शेवटी चावी गच्च आवळली, आणि सूंऽऽ! गार वाफ बोटांवर आली. बोटं बधिर! मी जो ओरडलो, "आला रे आला गॅस!" की शेजारचे फिलिपअंकल कुंपणाशी धावत आले.

आता जुन्या गाडीला मागे हवेच्या जाळ्या कुठे असतात? मी पुढच्या जाळ्या दोन सीटांच्या मधून मागे वळवल्या. माझ्या बाजूची तर ठेवलीच बंद. मला कशाला गार हवा? पप्पांना मागे बसवलं, काचा चढवल्या, पंखा फुल.

"पप्पा, गार येतंय?"

पप्पा माझ्या काळ्या हातांकडे बघत होते.

"येतंय तर! मस्त गार आहे."

झालं! मला आभाळ ठेंगणं. रोज सकाळी आम्ही निघायचो, मी पुढे, आईपप्पा मागे. मला धारा लागलेल्या असायच्या. पण मी मनात खूश! जितका मला घाम, तितकी सगळी हवा पप्पांना, असा माझा हिशेब. आहे की नाही डोकं?

आरशात आई पदराने पप्पांना वारा घालताना दिसायची. मला वाटायचं, माश्या हाकलतेय.

एकदा ती म्हणाली, "विन्सी, काच जरा खाली घे की."

"आई! गार हवा बाहेर जाते! कळत नाही तुला."

"राहू दे गं," पप्पा म्हणाले.

मग एक दिवस दहिसरच्या आसपास पप्पाच म्हणाले, "विन्सी, फार थंडी वाजते रे. थोडी काच उघड."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मे महिन्यात थंडी! म्हटलं, "पप्पा, काच कशाला? धूळ येईल. उद्या शाल आणतो." आणली. तिसऱ्या दिवशी पुन्हा, "थंडी वाजते, काच उघड." मी गोधडी आणली. कपाळावर घाम दिसायचा त्यांच्या. म्हटलं, शेकाचा असेल.

गावभर सांगत सुटलो. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पटांगणात माझं एसीवर भाषण! फिलिपअंकल म्हणाले, "माझ्या गाडीत पण भर की." मी म्हटलं, "आधी बसून बघा." पप्पांशेजारी बसवून आगाशीपर्यंत फिरवून आणलं. उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला.

"काय अंकल, कसं वाटलं?"

त्यांनी गोधडीतल्या पप्पांकडे बघितलं.

"बर्फ आहे रे, बर्फ!"

आणि त्यानंतर गॅसचं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटलं, लाजतायत बिचारे.

शेक संपले. पाऊस सुरू झाला, आणि पप्पा गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण ऐकून काय कळतं हो? ओट्यावरची खुर्ची आत घ्यायचं धाडस आमच्यात कुणाला झालं नाही.

पप्पांच्या महिन्याच्या मिस्सेला बायको म्हणाली, "आज मी चालवते, तू आईजवळ बस." पाऊस होता, काचा बंद. पहिल्यांदाच मी मागच्या सीटवर बसलो. चर्च येईपर्यंत जीव गुदमरला माझा. वाफाळलेली हवा सरळ तोंडावर!

"आई, एसी बंद पडला वाटतं."

आई बाहेर बघत होती. "चालू कधी होता?"

घरी येऊन तो व्हिडिओ पुन्हा बघितला. चावी आवळली की आतली सुई डब्याला भोक पाडते. मग चावी उलटी फिरवून सुई मागे घ्यायची, तेव्हा कुठे गॅस नळीत जातो. पहिल्यांदा बघताना नेमका तिथेच मी चहा आणायला उठलो होतो! बोटांवर आली ती भोक पडताना निसटलेली वाफ. चावी तशीच आवळलेला डबा हलवून बघितला. भरलेला!

"सांगितलं का नाहीस?" मी आईवर चिडलो. चिडायला दुसरं कोण होतं?

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, पोरगा उन्हात मरमर मेलाय माझ्यासाठी, त्याला काही बोलायचं नाही."

"अगं, पण त्यांना तर थंडी वाजायची!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "विन्सी, थंडी कसली? तसं म्हटल्यावर तरी तू काच उघडशील, वारा लागेल, म्हणून म्हणायचे रे ते."

आता हसा.

शेवटच्या शेकाच्या दिवशी ते तिसऱ्यांदा म्हणाले होते, "फार थंडी वाजते, विन्सी." मी गाडी बाजूला घेतली, मागचं दार उघडलं, शाल आणि गोधडी नीट लपेटली आणि खिशातून माकडटोपी काढून माझ्या हातांनी त्यांच्या कानांवर ओढली. दार लावायच्या आधी विचारलं, "आता बरं वाटतंय ना, पप्पा?"

"हो रे बाळा," ते म्हणाले, "आता बरं वाटतंय."