हिरवळ कोंबड्यांनी उकरली नाही

वैशाखातला शेवटचा रविवार: वसाहतीच्या बागेतील हिरवळीवर जेवणावळीच्या शेगड्या पेटल्या. जबाबदार, रहिवासी समितीचे अध्यक्ष.

आषाढातला पहिला मंगळवार: माझ्या दारात येऊन कोंबडा मागण्यात आला. जबाबदार, तेच.

त्याच आठवड्यातला शुक्रवार: हिरवळ उद्ध्वस्त केल्याच्या कारणावरून माझ्या पत्नीच्या कोंबड्या हटवण्याची नोटीस. जबाबदार, अध्यक्ष आणि त्यांच्या सहीखाली सही करणारे ते सर्व सभासद, ज्यांच्यापैकी एकानेही सहीपूर्वी गवताकडे खाली वाकून पाहिले नव्हते.

आषाढातला शेवटचा मंगळवार: आम्ही दवाखान्यात असताना खुराडे उचलले गेले. जबाबदार, ज्याने उचलले तो नव्हे. ज्याने उचलायला सांगितले तो.

माझ्या अर्जांवर या सर्वांच्या इंग्रजी तारखा आहेत. येथे सणावारांनी सांगतो, कारण आमच्या वसाहतीत लोकांच्या स्मरणात राहते ते तेवढेच.

सेलूत आमची वसाहत रेल्वेमार्गाच्या अलीकडे आहे. जिनिंगच्या हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर कापसाचा बारीक तंतू येऊन बसतो आणि झटकला तरी जात नाही. मी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो. दुसऱ्यांचे दावे क्रमाने लावण्यात माझे आयुष्य गेले. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वसाहतीच्या मधोमध बागेसाठी राखलेली मोकळी जागा आहे. त्या जागेवर पूर्वी वाळूचे ढीग आणि मोडकी वाहने असत. ती मोकळी करून घेण्यासाठी अर्ज मी लिहिले, आणि जागा मोकळी झाल्यावर हिरवळ लावताना गुडघ्यावर बसून गवताचे ठोंब मातीत दाबणाऱ्यांत मी होतो. आज ज्यांना त्या हिरवळीचा पुळका आला आहे, ते त्या वेळी गच्चीवरून पाहत होते.

नंतर पत्नीला झटका आला. जीव वाचला, उजवा हात आणि वाचा गेली. परभणीच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. रबरी चेंडू दाबायचा, आरशात पाहून अ, आ, इ म्हणायचे. ज्या बाईने उभी हयात पोरांकडून अ, आ, इ घोकून घेतले, तिला ते स्वतः म्हणून दाखवण्याची शरम वाटे. ती आरसा पालथा घालून ठेवी. घरात दोन माणसे असून दिवसचे दिवस एकही शब्द ऐकू येत नसे.

तिचा धाकटा भाऊ राणीसावरगावला शेती करतो. तो एके दिवशी एसटीने आला तो डालग्यात एक तांबडा कोंबडा आणि काही कोंबड्या घेऊन. त्याने बहिणीच्या निकामी मुठीत ज्वारी भरली आणि समोर उकिडवा बसला.

"तायी, ह्या घरच्या हायेत. हाक मारल्याबिगर दान्याला येत न्हाईत. तू बोलली न्हाईस तर उपाशी मरतेत. माझं काय जायलंय, पाप तुलाच."

मी त्याला म्हणालो, बागेत हिरवळ आहे, कोंबड्या ती ठेवणार नाहीत. तो बागेच्या कडेपर्यंत गेला, गवत बोटांनी चाचपून पाहिले आणि हसत परत आला.

"दाजी, आमी रानातली हरळी खोदू खोदू हात मोडून घेतले, अन् तुमी तिला नळाचं पानी पाजून वाढवायलाव?"

"ही लॉनची जात वेगळी आहे."

"जात कोन्ची का असंना. कोंबडी कुठं इचारती?"

मी समितीकडे लेखी अर्ज केला. अध्यक्ष गुत्तेदार आहेत. रस्ते आणि पूल बांधतात. त्यांनी अर्ज न वाचताच खिशात घातला आणि म्हणाले, "ठेवा की काका, वहिनीला बरं वाटंल." ही तोंडी संमती होती. ती देताना बागेचा माळी समोर होता.

कोंबड्या पाळून हिरवळ राखता येत नाही, असे जे सांगतात त्यांनी दोन्हींपैकी एकही राखलेले नसते. मी पाहत बसलो. कोंबडी गवत खाऊन नासवत नाही. ती नासवते तीन कारणांनी: तिला एकाच जागी फार वेळ ठेवले म्हणून, तिचा दाणा गवतात फेकला म्हणून, आणि तिला अंग घोळायला कोरडी माती दिली नाही म्हणून. तिन्ही अपराध माणसाचे आहेत. मी सुताराकडून लाकडी चौकटीचे, तळ नसलेले, वरून आणि बाजूंनी जाळी मारलेले खुराडे करून घेतले. एका टोकाला सावलीसाठी पत्रा आणि उचलायला दोन दांडे. रोज सकाळी ते त्याच्या लांबीइतके पुढे सरकवायचे. एका जागी दुसरा दिवस कधीही नाही. संपूर्ण फेरी होऊन खुराडे पहिल्या जागी येई तोवर तिथले गवत पुन्हा वर आलेले असे. दाणा टाकायचा तो अंथरलेल्या पोत्यावर. भिंतीच्या कोपऱ्यात राख आणि माती कालवून एक खड्डा केला. संध्याकाळी कोंबड्या बाहेर सोडल्या की सरळ तिकडे धावत आणि धुळीत लोळत. खुराडे सरकवल्यावर मागच्या विष्ठेवर मी झारीने पाणी मारी. पाऊस पडला की काळी माती लोण्यासारखी मऊ होते आणि एका नखाने तिचे ढेकूळ निघते. म्हणून पावसाळ्यात खुराडे हिरवळीवर ठेवायचेच नाही, भिंतीलगतच्या मुरमाच्या पट्टीवर ठेवायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि एकदाही मोडला नाही.

परिणाम उघड्या डोळ्यांना दिसत होता. खुराडे ज्या पट्ट्यांवरून गेले, ते पट्टे उरलेल्या बागेपेक्षा गडद हिरवे झाले. सकाळी फिरायला येणारे थांबून विचारत, खत कोणते घातले. नंतर नोटिशीवर ज्यांच्या सह्या दिसल्या, त्यांच्यापैकी काहींच्या घरच्या बाळंतिणींसाठी गावरान अंडी आमच्याच घरून गेली होती.

या कशाहीपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच घडली. पत्नी रोज खुर्ची टाकून पोत्याशी बसे. आधी तिच्या हातून ज्वारी नुसती गळून पडे. मग ती मूठ उघडू लागली. मग हात थोडा पुढे जाऊ लागला. आणि एका सकाळी मी आत चहा गाळत असताना बाहेरून आवाज आला, "ति... ति... ति." मी गाळणी हातात घेऊन तसाच दारात उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिला कोंबड्यांना बोलवायचे होते, आणि त्या आल्या. त्यानंतर शब्द येत गेले: पाणी, दार, आलात का. जीभ जड होती, पण मला कळत होते, आणि एवढे मला पुरे होते.

वैशाखात अध्यक्षांच्या नातवाचे जावळ झाले. मंडप बागेत पडला. हिरवळीत बांबू रोवले गेले, गवतावर थेट गॅसच्या मोठ्या शेगड्या मांडून कढया चढवल्या, खरकटे पाणी तिथेच ओतले. दुसऱ्या दिवशी गवतावर जळक्या मातीची गोल वर्तुळे उमटली होती आणि त्यांच्याभोवती खुर्च्यांच्या पायांची भोके. मी लेखी हरकत घेतली. उत्तर आले नाही.

आषाढात अध्यक्ष स्वतः आमच्या दारात आले. पाठीमागे हात बांधून बराच वेळ तांबड्या कोंबड्याकडे पाहत राहिले.

"काका, हा कोंबडा द्या. आखाडाचा मंगळवार हाय, शेतातल्या देवीला द्यायचाय. बॉयलर चालत न्हाई तिला."

"हे पक्षी विकण्यासाठी नाहीत."

"म्या कुठं इकत मागायलोय? देवीचं काम हाय, तुमालाच पुन्य लागंल."

"आमच्या घरात देवाला पक्षी देत नाहीत. माझ्या वडिलांनी छप्पन सालच्या दीक्षेनंतर ते बंद केले, आणि मी पुन्हा सुरू करणार नाही."

आम्ही शाकाहारी आहोत असा आव मी कधी आणला नाही. जेवणासाठी मारणे आणि नवसासाठी मारणे यांत माझ्या वडिलांनी रेघ ओढली होती. शिवाय हा कोंबडा कुणाचा होता, हे अध्यक्षांना पुरते माहीत होते.

ते हसले. "हां, तुमचं येगळं हाय. ते म्हाईत हाय मला." मग पत्नीकडे वळले. "वहिनी, तुमीच सांगा की काकाला. एक कोंबडा, त्याचं काय येवढं?"

पत्नीने खुर्चीच्या हाताला धरून मान वर केली. एका परक्या माणसाशी ती त्या आजारानंतर पहिल्यांदा बोलली, आणि शब्द स्वच्छ निघाला.

"न्हाई."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले. फक्त नजर तिच्यावरून निघाली आणि बागेवर गेली.

"लॉन लय खराब झालंय वो," ते म्हणाले. "बघावं लागंल."

हिरवळीचा प्रश्न आमच्या वसाहतीत जन्माला आला तो त्या क्षणी. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो नव्हता. शुक्रवारी नोटीस आली. आमची बाजू न ऐकता ती दिली होती. ज्या कार्यालयात मी नोकरी केली, तिथे कर्ज बुडवणाऱ्याचेही म्हणणे नोंदवून घेत. मी सविस्तर उत्तर दिले. खुराडे पाऊस सुरू झाल्यापासून मुरमावर आहे, हे त्यात लिहिले. जळकी जागा गोल आहे आणि कोंबडी वर्तुळ आखून उकरत नाही, हेही लिहिले.

आषाढाच्या शेवटच्या मंगळवारी पत्नीला तपासणीसाठी परभणीला न्यावे लागले. संध्याकाळी परतलो, तेव्हा खुराडे भिंतीला उभे टेकवून ठेवलेले होते. त्याला तळ नव्हता. उचलले की कोंबड्या मोकळ्या. कुंपणाच्या कडेने पिसे पसरली होती आणि पलीकडे कुत्री जिभल्या चाटत बसली होती. पत्नी रिक्षातून उतरून फाटकाशीच थांबली आणि डाव्या हाताने तिने माझी बाही धरली.

माळी झाडाखाली उभा होता. तो गरीब माणूस आहे आणि खोटे बोलला नाही.

"साहेब म्हणले, उचल, गवत कापायचंय. मी म्हणलं, काका दवाखान्यात गेलेत. तर म्हणले, म्हनूनच उचल."

मुरमावर गवत उगवत नाही. त्यामुळे कापायचे काय होते, याचा खुलासा आजतागायत झालेला नाही.

पिसे मी गोळा केली. करडी होती, काळी होती, ठिपक्यांची होती. तांबडे एकही नव्हते. पुराव्याशिवाय आरोप करणे माझ्या पेशाला शोभत नाही, म्हणून मी एवढेच नोंदवतो की कोंबड्यांची पिसे सापडली, कोंबड्याचे एकही सापडले नाही. आणि तो आषाढाचा मंगळवार होता.

दिवे लागल्यावर अध्यक्षांची सून आली. ती ओळीतल्या सर्व घरी डबे देत फिरत होती. आमच्या घरी त्यापूर्वी त्यांच्याकडून कधीही काही आले नव्हते. "देवीचा प्रसाद हाय काकू, गरम हाय तवर खा," असे म्हणून तिने डबा पत्नीच्या मांडीवर ठेवला. त्या मुलीला काही ठाऊक नव्हते, असे मी आजही मानतो. पत्नीने झाकण उघडले. तांबडा रस्सा होता. तिने त्यात पाहिले, मग माझ्याकडे. ओठ हलले. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि वाट पाहिली. काही आले नाही. तिने झाकण परत लावले, आणि ते नीट बसेपर्यंत दाबत राहिली.

तेव्हापासून ती बोललेली नाही. भाऊ पुन्हा डालगे घेऊन आला होता. तिने पायाने ते दूर सारले. मुठीत ज्वारी ठेवली तर ती जमिनीवर उपडी करते. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात कधी कधी पाऊल मागे पडते. पडते, हे खरे. पण इथे पाऊल कुणीतरी मागे ओढले आहे.

मी मागणी करून बैठक बोलावायला लावली. तिथे ठराव वाचला गेला: कोंबड्यांमुळे हिरवळीची हानी झाल्याने खुराडे हटवणे भाग पडले. मी त्या जळक्या वर्तुळांबद्दल विचारले. मागून कुणीतरी म्हणाले, "काका, कोंबड्यांसाठी आता हायकोर्टात जाताव का?" दुसरा म्हणाला, "बॉयलरच्या चार आणून देतो की आमी, वर्गणी काढून." लोक हसले. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, "मोठ्या मानसानं मन मोठं ठेवावं."

माझे मन किती मोठे असावे, हे समितीच्या अधिकारात येत नाही. अर्ज, स्मरणपत्रे, हरकती सर्व झाले. म्हणून ही हकिकत मी आता छापायला देत आहे. अध्यक्षांना माझे तीन प्रश्न आहेत. हिरवळीवर आग कुणी लावली. मुरमावरचे खुराडे, घरात कुणी नसताना, कोणत्या कारणाने उचलायला लावले. आणि त्या दिवशी देवीपुढे जो कोंबडा कापला, तो कुठून आणला.

उत्तर लेखी नको. ते वसाहतीच्या बैठकीत, सर्वांसमोर, उभे राहून मोठ्याने द्यावे. माझी पत्नी त्या बैठकीला पहिल्या रांगेत बसेल. झटका आल्यापासून तिला कागदावरचे अक्षर लागत नाही. ऐकू मात्र सर्व येते.