अक्कांचा अंगठा

आमच्या ऑफिसातल्या प्रत्येक मॉनिटरवर अक्कांच्या अंगठ्याचे ठसे असायचे. साधे नव्हेत, मधोमध तिरकी रेघ असलेले. लहानपणी त्यांचा अंगठा कापला होता, त्याची ती खूण. प्रोग्रॅमची नवी खिडकी तयार झाली की अक्का खुर्ची ओढून बसायच्या आणि एकेका बटणावर अंगठा टेकवून बघायच्या. बटण अंगठ्याखाली पुरतं झाकलं गेलं, की ते नापास.

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांच्या यंत्रांसाठी आम्ही पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहितो. यंत्राशेजारी टच स्क्रीन, त्यावर एक खिडकी, तिच्यात 'सुरू' आणि 'थांबवा' अशी दोन बटणं. बटणांची मांडणी प्रोग्रॅममधल्या, आपोआप जागा ठरवणाऱ्या लेआऊटवर सोडली, तर तो जागा असेल तशी ती ताणतो, नाहीतर एकमेकांना खेटून बसवतो. अक्कांना हे मुळीच खपायचं नाही. त्या दोन्ही बटणांची लांबी-रुंदी आकड्यांत बांधून टाकायच्या आणि मध्ये आणखी एक बटण मावेल एवढी जागा रिकामी सोडायच्या.

"अक्का, दात पडल्यासारखं दिसतंय," मी एकदा म्हणालो.

"दिसू दे की. दात गेलेला चालतोय, बोट गेलेलं चालत न्हाय."

त्यामागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, डबा खाता खाता. त्यांचे वडील यंत्रमागावर कामाला होते. एका दुपारी छोटी अक्का त्यांचा डबा घेऊन गेली, तेव्हा लाइट गेलेली. तुटलेले धागे जोडायला वडिलांनी मागात हात घातला आणि लेकीला खटका बंद करायला सांगितलं. भिंतीवर दोन मागांचे खटके अगदी चिकटून होते. तिनं शेजारच्या मागाचा बंद केला आणि लाइट आली.

"दोन बोटं गेली," अक्का म्हणाल्या. "पण मला कधी रागावले न्हाईत. तेच लई लागतं बघ."

त्या दिवसापासून मधल्या जागेवरून मी त्यांची थट्टा केली नाही.

पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेल्या. मला सख्खी बहीण गेल्यासारखं झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका कारखान्याच्या मालकांनी हट्ट धरला. मधली जागा फुकट जातेय, तिथं टॉवेल मोजायला 'मोजणी'चं बटण बसवा. मी नको नको म्हणून पाहिलं, पण आमच्या साहेबांनीच मान डोलावली. शेवटी तीन बटणं एका ओळीत खेटून बसली.

कारखान्यात नवा स्क्रीन लावला. काचेवरचं प्लास्टिक मीच कडेनं धरून सोलून काढलं. मालक हौसेनं 'मोजणी' दाबायला पुढं आले. पलीकडे यल्लप्पामामा, यंत्रावरचे जुने कारागीर, हात आत घालून गुंता सोडवत होते. मालकांना ते दिसत नव्हते, मला दिसत होते. मी ओरडेपर्यंत मालकांचं बोट पडलं ते 'सुरू'वर.

यंत्र हललंसुद्धा नाही.

मामांनी हात बाहेर काढला. मग मालकांनी घाबरत घाबरत तेच बटण पुन्हा दाबलं, तर पहिल्या फटक्यात यंत्र धडधडायला लागलं. ते बंद करून मी काचेजवळ वाकलो. 'सुरू'वर एका अंगठ्याचा ओलसर ठसा होता. मधोमध तिरकी रेघ.

तिथंच उभ्या उभ्या मी 'मोजणी' काढून टाकलं आणि अक्कांचे आकडे परत घातले. काच पुसायला सवयीनं रुमाल काढला, तर मामांनी माझं मनगट धरलं.

"हे कुणाचं बोट हाय वो?"

"आमच्या अक्कांचं." मी त्यांना सगळं सांगितलं, अक्कांच्या वडिलांचंही. अक्का आता नाहीत, हेही.

मामांनी आपली दहाही बोटं एकदा उलटी-सुलटी करून बघितली.

"मग पुसू नगा," ते म्हणाले. "त्यांची कामाची पाळी अजून संपली न्हाय."