रीडेव्हलपमेंटच्या सभेत दिलेली कबुली

देवावर माझा विश्वास होता, पण सोयीपुरता. गेल्या वर्षी माझं पिणं अशा थराला गेलं की एका शनिवारी बायकोने सगळं सरळ सांगून टाकलं. भांडली नाही, रडली नाही. "उद्या संध्याकाळी सात वाजता स्टेशनजवळच्या शाळेत दारू सोडणाऱ्यांची मीटिंग आहे. तिथे गेलात तर ठीक. नाहीतर सोमवारी मी मुलीला घेऊन भावाकडे जाते, कायमची." वीस वर्षांच्या संसारात तिचा इतका शांत आवाज मी ऐकला नव्हता. माझी तंतरली.

तरी जायचं मनात नव्हतंच. म्हणून रविवारी संध्याकाळी मी कौल लावायचं ठरवलं. आमच्या कोकणात अडीअडचणीला देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आता गुरव गावाला, देव गावाला आणि मी मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर. मग ग्रामदेवतेच्या फोटोच्या काचेवरच जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "मीटिंगला जाऊ का रे म्हाराजा?" खोटं कशाला बोलू, उजवी पाकळी मी गंधाचा जाड थर देऊन चिकटवली होती आणि डावी नुसत्या पाण्यावर. म्हणजे देवाने नको म्हणायची सगळी सोय मीच करून ठेवली होती. पाच मिनिटं हात जोडून उभा राहिलो. आणि पडली कुठली? उजवी! गंधासकट! मागे बायको उभी होती. "झालं गुरवपण? आता चपला घाला," ती म्हणाली.

शाळेच्या गेटवर वॉचमनला विचारलं, "मीटिंग कुठे आहे?" "कसली?" त्याने विचारलं. आता काय सांगणार, कपाळ? "सातची," मी म्हणालो. त्याने तळमजल्यावरचा एक वर्ग दाखवला. आत चाळीसएक माणसं पोरांच्या बाकांवर कशीबशी मावून बसली होती. दारातच कुणीतरी वही पुढे केली, मी सही ठोकली. बाकांवर चार-पाच आज्याही बघून मी थक्क झालो. म्हटलं, आपण उगाच लाजत होतो! पण दोन मिनिटांत कार्पेट एरिया आणि पार्किंगवरून हमरीतुमरी सुरू झाली आणि डोक्यात उजेड पडला. ही शाळेशेजारच्या सोसायटीची रीडेव्हलपमेंटची सभा होती.

उठून दुसरी मीटिंग शोधायला हवी होती. मी उठलो नाही. उलट मनात म्हटलं, झकास! इथेच आठपर्यंत बसू, घरी जाऊन सांगू, गेलो होतो मीटिंगला. खोटं थोडंच आहे? तेवढ्यात वही चाळणारे चेअरमन चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले. "तुम्ही कुठल्या फ्लॅटचे हो?" मी खिडकीबाहेर बघायला लागलो. "भाडेकरू?" मी बाकावर आणखी खाली सरकलो. मागून एक बाई ओरडल्या, "बिल्डरचा माणूस आहे! आपलं बोलणं ऐकायला बसवलाय!" झालं, वाट लागली. सगळे उठले, दोघं दारात आडवे झाले, एकाने माझा मोबाइल मागितला. रेकॉर्डिंग केलंय का बघायला! जीव घाबरला आणि तोंडातून निघून गेलं, "मी बिल्डरचा माणूस नाही हो! मी दारुडा आहे! मला दारू सोडायचीय, ती मीटिंग सापडत नाहीये!"

मोबाइल मागणाऱ्याचा हात खाली आला. वीस वर्षांत जे बायकोला सांगितलं नव्हतं, ते मी चाळीस अनोळखी माणसांना ओरडून सांगितलं होतं. मान खाली घालून उभा राहिलो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मग शेवटच्या बाकावरून एक म्हातारे काका उठले. इतका वेळ सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच होता. जवळ येऊन त्यांनी माझा दंड धरला. "चल रे झिला, वर चल. ती मीटिंग वरच्या मजल्यावर असते."

जिन्यात अर्ध्यावर ते थांबले. दंड मात्र सोडला नव्हता. "सहा वर्षं थेंब घेतला नाही मी," ते म्हणाले. "पण या बिल्डिंगच्या भांडणांनी डोकं फिरलंय. दोन महिने वर गेलो नाही. आज सभा संपली की सरळ बारमध्ये जायचं, असं ठरवूनच बसलो होतो. तू बोंबललास, आणि मी उठलो."

मला ते नेतायत असं मी समजत होतो. आम्ही दोघं एकमेकांना धरून वर गेलो. वर दहा-बारा माणसं होती, त्यांनी सरकून जागा केली. खाली ओरडलेलं वाक्य मी तिथे बसून हळू बोललो आणि लहान पोरासारखा रडलो. काकाही रडले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलंय. मी तेव्हापासून प्यायलेलो नाही, काकाही नाहीत. यात देवाने काय केलं आणि योगायोगाने काय, याचा हिशेब मी मांडत नाही. मी देवाला फसवायला निघालो होतो, बायकोला फसवायला बसलो होतो, आणि त्याने असल्या लबाडालाही कुणाच्या तरी कामी लावलं. मी फक्त खोटं बोलायचा थांबलो, तेही मार खायची पाळी आली म्हणून.

त्या संध्याकाळी शाळेच्या गेटवरून घरी बायकोला फोन केला. "मीटिंग सापडली," एवढंच बोलता आलं. कितीतरी वर्षांत ती माझ्यासाठी जेवायला थांबली नव्हती, आणि ते बरोबरच होतं. ती म्हणाली, "या. आम्ही थांबतो जेवायला."