दोघांच्या वजनाची स्प्रिंग

माझ्या मोटरसायकलला गॅरेजवाल्या रफिकने भंगारात निघालेल्या दुसऱ्याच गाडीचे शॉकअप बसवले. त्यातले रबरी बुश तिसऱ्या गाडीचे. गाड्यांचं बरं असतं, कुणाचंही कुणाला बसतं.

स्प्रिंगला पाना लावून त्याने विचारलं, "काका, एकटेच फिरता की मागं कुणी असतं?"

"तुझी काकू असते की," मी सवयीने बोलून गेलो. तिला जाऊन वर्ष होत आलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने दोघांच्या हिशोबाने स्प्रिंग आवळली.

आता एकट्याने जाताना प्रत्येक खड्डा सरळ कमरेत बसतो. हल्ली जाणवतं ते एवढंच. गॅरेज रोज वाटेत लागतं, स्प्रिंग सैल करणं पाच मिनिटांचं काम. मी थांबत नाही. गाडी अजून तिचं वजन धरून चालते आहे, चालू दे.