पिनकने लिहिलेली ऑड्री

जर्व्हेस पिनक इप्सविचच्या एका दोर वळणाऱ्याचा मुलगा. थेम्सच्या दक्षिण काठावरच्या आमच्या नाटकघरासाठी त्याने नऊ वर्षांत चौदा नाटकं लिहिली. मी तिथे नाटकाची वही सांभाळायचो. नट अडला की आडून शब्द पुरवायचो. पिनकचं अक्षर त्याच्याखालोखाल मलाच लागायचं.

राजे, भुतं, रोमचे सरदार, सगळं त्याने लिहिलं. पण गर्दी लोटली ती एकाच नाटकाला.

एका वसंतात ऑड्री नावाच्या बाईला, एका मेणबत्तीवाल्याच्या बायकोला, नवऱ्याला विष घातलं म्हणून धरलं होतं. खटला व्हायचा होता. आमचा मालक हॅडॉक पिनकला म्हणाला, "लोकांच्या तोंडी आहे तोवर लिहून टाक. महिन्याभरात कुत्रं विचारणार नाही तिला."

पिनकने अकरा दिवसांत लिहिलं. ऑड्रीला त्याने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी नाटकात ती गुणगुणत रश्श्यात विष कालवते आणि तडफडणाऱ्या नवऱ्याला म्हणते, "अजून एक चमचा घ्या ना." आठवड्याभरात होडीवाले एकमेकांना तेच म्हणून खिदळू लागले. निकाल द्यायला बसलेल्या पंचांपैकी दोघे आमच्या सज्ज्यात नाटक बघून गेले होते. ऑड्रीला खांबाला बांधून जाळलं.

हिवाळ्यात मेणबत्तीवाल्याचा नोकर तापाने मरायला टेकला, तेव्हा त्याने पाद्र्याजवळ कबूल केलं. विष त्याने घातलं होतं.

हे कानावर आलं तेव्हा पिनक माझ्यासोबत जेवत होता. त्याने वाडगा दूर सारला. पुढे तो लिहायला बसला की राणी असो, दाई असो, तिसऱ्या ओळीला ऑड्री बोलायला लागे. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणायचा, "बघ, हे मी लिहिलेलं नाही." अक्षर त्याचंच असायचं.

"हे नाटक बंद करा," तो हॅडॉकला म्हणाला.

"नाटक आता तुझं नाही रे, मंडळीचं आहे. लोक येतायत ना?"

एका दुपारी खेळ सुरू होण्याची तुतारी झाली आणि पिनक स्वतःच रंगमंचावर गेला. "लोकहो, ही बाई निर्दोष होती. पुढचं सगळं माझ्या मनचं आहे. घरी जा." मग टाळ्यांचा कडकडाट. "वा! काय सुरुवात आहे!" कुणीतरी ओरडलं, "जरा रडून दाखव!" दुसऱ्या दिवशी हॅडॉकने ते भाषण एका नटाकडून पाठ करून घेतलं.

नाटकघराच्या अंगणातल्या गर्दीत, खांबाला टेकून एक म्हातारी दर खेळाला उभी असायची. विष कालवायचा प्रवेश लागला की निघून जायची. त्या दिवशी ती थांबली. ती ऑड्रीची आई होती.

"तूच लिहिलंस ना हे?" तिने पिनकला विचारलं.

"हो, आई. मला क्षमा..."

"क्षमा राहू दे. नाटकात ती दाराला खांदा लावून आत येते, ते कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. सुचलं तसं लिहिलं."

म्हातारी म्हणाली, "माझी पोर अश्शीच यायची. तेवढं बघायला येते मी. बंद नको करूस."

तेव्हापासून पिनक तिच्या शेजारी उभा राहू लागला. तो प्रवेश आला की दोघं मिळून बाहेर पडत. नदीकाठाने जाताना ती लेकीबद्दल सांगायची आणि घरी जाऊन तो ते लिहून काढायचा. ती काय खायची, कशाला घाबरायची, सगळं. नवं नाटक त्याने लिहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात प्लेग आला, नाटकघरं बंद झाली. म्हातारी जूनमध्ये गेली. ऑगस्टमध्ये पिनकच्या दारावर प्लेगच्या घराची लाल खूण उमटली. मी खिडकीखाली उभा राहिलो, तर त्याने वरून कागदांची चळत खाली टाकली. "हे नाटक नाही. कुणाला करू देऊ नकोस."

चौथ्या दिवशी तो गेला. मी ते कागद वाचले. शंभरावर पानं, पण ऑड्रीच्या तोंडी त्याने एकही वाक्य घातलेलं नव्हतं.

नाटकघर पुन्हा उघडलं तेव्हा हॅडॉकने विचारलं, "पिनकचं काही शिल्लक आहे का रे?"

"नाही," मी म्हणालो.